सांबऱ्याहून चिपीला: घाट ओलांडून किनाऱ्यावर विमान उतरवताना

बेळगावच्या पठारावर उडायला शिकलेल्या पायलटला किनाऱ्यावरचं छोटं विमानतळ अवघड जातं, ते रनवे आखूड असतो म्हणून नव्हे. सिंधुदुर्गातल्या चिपीचा रनवे २,५०० मीटरचा आहे, म्हणजे बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या २,३०० मीटरपेक्षा लांबच. अडचण होते ती हाताला आणि डोळ्याला बसलेल्या आकड्यांची. सांबरा समुद्रसपाटीपासून जवळपास २,५०० फूट उंच. तिथे सर्किट (उतरण्याआधी रनवेभोवतीची ठरलेली फेरी) उडायचं तर अल्टिमीटरवर, म्हणजे उंचीच्या काट्यावर, ३,५०० दिसायला हवेत, आणि शेकडो लँडिंगनंतर काटा तिथेच असणार हे अंगवळणी पडतं. चिपीला तेच सर्किट १,२०० फुटांच्या आसपास येतं. तिथे १,२०० वाचताना पोटात गोळा येतो आणि माणूस नकळत विमान वर धरतो. किंवा उलट होतं: काट्यावरचा विश्वासच उडतो आणि समुद्राकडे बघत अंदाजाने उंची ठरवली जाते. दोन्ही चुका एकाच सवयीतून येतात.

दुसरी गोष्ट मधल्या घाटाची. सकाळी जाताना तो मोकळा असतो. दुपारी परत येताना ढगांनी बुजलेला असू शकतो. म्हणून चिपीची तयारी परतीच्या प्रवासापासून सुरू करायची आणि मगच जाण्याचा विचार करायचा.

खालचे विमानाचे आकडे सेसना १७२ एस धरून दिले आहेत. तुमचं विमान वेगळं असेल तर त्याच्या हँडबुकातलेच आकडे घ्या.

निघण्याआधी

व्हीएफआर (बाहेर बघून, नजरेने करायचं उड्डाण) असलं तरी फ्लाइट प्लॅन भरावा लागतो, आणि एफआयसी नंबर (उड्डाण माहिती केंद्राचा) व एडीसी नंबर (हवाई संरक्षणाच्या परवानगीचा) हातात आल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. ब्रेथ अ‍ॅनालायझरची चाचणी, विद्यार्थी असाल तर इन्स्ट्रक्टरची लेखी परवानगी, हे नेहमीचंच. छोट्या विमानतळाच्या बाबतीत जास्त महत्त्वाचा आहे तो नोटॅम, म्हणजे विमानतळाबद्दलची ताजी अधिकृत सूचना. अशा ठिकाणी टॉवर दिवसभर चालू नसतो. येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांच्या वेळेभोवतीच वॉच अवर्स असतात आणि त्या वेळा बदलत राहतात. टॉवर बंद असताना पोहोचलात तर उतरता येणार नाही, आणि उतरल्यावर टॉवर बंद झाला तर निघता येणार नाही. आदल्या दिवशी नोटॅम वाचा, सकाळी पुन्हा वाचा, आणि उतरण्याची परवानगी व पार्किंग फोनवरून पक्कं करा.

इंधनाचा हिशेब करताना चिपीला पिस्टन इंजिनाचं पेट्रोल, म्हणजे अ‍ॅवगॅस मिळेल असं गृहीत धरू नका. जेट इंधन असणं आणि अ‍ॅवगॅस असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाण्यायेण्याचं इंधन सांबऱ्यालाच भरायचं. सरळ रेषेत अंतर सुमारे ६३ सागरी मैल, जाऊन-येऊन १२६. चढाई, सर्किट आणि टॅक्सी धरून इंजिन पावणेदोन तास चालेल. तासाला साधारण ३५ लिटर धरले तर ६२ लिटर. त्यात ४५ मिनिटांचा राखीव साठा, म्हणजे आणखी २६ लिटर. परतताना घाटाच्या कड्यापर्यंत जाऊन मागे फिरावं लागलं तर त्याचे २५-३० लिटर वेगळे. बेरीज ११५ ते १२० वर जाते. १७२ एसच्या टाक्यांत वापरण्याजोगं इंधन सुमारे २०० लिटर बसतं, त्यामुळे भरायला अडचण नाही. मात्र मागच्या सीटवर दोन माणसं असतील तर वजन आणि तोल पुन्हा मोजा. उन्हाळ्याच्या दुपारी ३४ अंश तापमानाला सांबऱ्याची डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणावरून विमानाला जाणवणारी उंची) ५,४०० फुटांच्या घरात जाते. हिशेब सोपा आहे: २,५०० फुटांवर प्रमाण तापमान १० अंश, वरचे २४ अंश गुणिले १२० फूट, म्हणजे २,८८० फुटांची भर. भरल्या टाक्यांनी आणि भरल्या सीटांनी विमान त्या हवेत जड उठतं. सकाळी सात वाजता निघालात तर हा प्रश्नच राहत नाही.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी. याहून चांगली वेळ नाही. जून ते सप्टेंबर हा रस्ता विसरून जा. आंबोलीला वर्षाला साडेसात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्या दिवसांत कडा आठवडेच्या आठवडे ढगातून बाहेर येत नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळ ठीक असते, पण दुपारी तीननंतर पठारावर वळीव उभा राहतो. चिपीहून निघताना आकाश निरभ्र आणि सांबऱ्यावर गडगडाट, असं त्या दिवसांत नेहमी होतं. ऑक्टोबरमधला परतीचा पाऊसही तसाच.

हिवाळ्यात दोन गोष्टी बघायच्या. एक धुकं: तापमान आणि दवबिंदू यांत दोन-तीन अंशांचाच फरक असेल तर सांबऱ्यालाही धुकं पडतं आणि तेरेखोल, कर्ली नद्यांच्या खोऱ्यांतही. कोकणातलं धुकं उन्हं वर आल्यावर विरतं, त्यामुळे फार लवकर निघून काही साधत नाही. दुसरी गोष्ट धूर. ऊसतोडीच्या हंगामात चिकोडी, हुक्केरी, निपाणीकडे पाचट पेटवतात आणि सकाळच्या थंड हवेखाली तो धूर चादरीसारखा पसरून राहतो. वरून खालचं स्वच्छ दिसतं, पण तिरकं पुढे पाहिलं की काही दिसत नाही. परतताना सांबऱ्याचा रनवे सूर्याच्या दिशेला असेल तर हा धूर जास्त नडतो. फेब्रुवारीनंतर कोकणातही भातखाचरांत राब भाजतात, त्याचा धूरही ध्यानात ठेवा.

धुराचा एक फायदाही आहे. गुऱ्हाळाच्या चिमणीचा किंवा शेतातल्या जाळाचा धूर जमिनीलगतच्या वाऱ्याची दिशा विंडसॉकच्या (रनवेजवळच्या वारा दाखवणाऱ्या कापडी नळीच्या) कितीतरी आधी सांगतो.

ढगांचा तळ स्वतः काढा. तापमान आणि दवबिंदू यांतला फरक गुणिले ४०० फूट. किनाऱ्यावर ३० अंश तापमान आणि २४ अंश दवबिंदू असेल तर फरक ६, म्हणजे तळ सुमारे २,४०० फुटांवर. चिपीच्या डोक्यावर २,४०० फूट भरपूर वाटतात, पण घाटमाथ्यावरचे कडे ३,००० फुटांच्या आसपास आहेत. म्हणजे ढग डोंगराच्या पोटाला टेकलेले. असा आकडा निघाला तर चिपीला उतरता येईल, परत मात्र येता येणार नाही. गोव्याचे मेटार (आत्ताचं हवामान) आणि टॅफ (पुढचा अंदाज) यासाठीच वाचायचे. फरक १२ अंशांच्या वर असेल तर तळ ४,८०० फुटांच्या पुढे जातो, तेव्हाच जाण्याचा विचार करा.

मार्ग

ट्रॅक साधारण २७८ अंश, पश्चिमेकडे किंचित उत्तरेला. पश्चिमेच्या ट्रॅकला व्हीएफआर उंची सम हजार अधिक ५००, म्हणून ६,५०० फूट घ्या. ४,५०० फुटांतही कडा ओलांडता येतो, पण मग खाली जंगलापासून उरलेली उंची फार थोडी.

टेकऑफनंतर बेळगाव शहर डावीकडे राहतं. पुढे उजव्या बाजूला वैजनाथ-महिपाळगडाचा डोंगर, डावीकडे राकसकोपचं पाणी. २५ मैलांवर चंदगड. इथपर्यंत खाली शेतं आहेत, इंजिन रुसलं तर उतरायला जागा सापडते. चंदगडनंतर आंबोलीपर्यंतचे अकरा-बारा मैल वेगळे. खाली गर्द झाडी, दऱ्या, एकही बरा सपाट तुकडा नाही. १७२ चं इंजिन बंद पडलं तर ६८ नॉटला (तासाला ६८ सागरी मैल) ते हजार फुटांमागे सुमारे दीड मैल तरंगत जातं. ६,५०० फुटांवरून जंगलापर्यंत साडेतीन हजार फूट असतील तर हाताशी पाच मैल. म्हणून चंदगडपाशीच तेलाचा दाब, तापमान, इंधन आणि मिक्श्चर (इंजिनात जाणाऱ्या हवा-इंधनाचं प्रमाण) एकदा नीट बघून घ्या आणि मनाशी ठरवा की अमुक ठिकाणापर्यंत मागे चंदगडकडे, त्यानंतर पुढे कोकणात. एकदा कडा मागे पडला की खालची जमीन एकदम दोन हजार फूट खोल जाते आणि तेवढीच तरंगण्याची उंची फुकट मिळते. त्यामुळे पुढे जाण्याचा निर्णय वाटतो त्यापेक्षा लवकरच बरोबर ठरतो.

आंबोली ३६ मैलांवर. त्यानंतर डाव्या हाताला सावंतवाडी, मोती तलावामुळे चटकन ओळखू येते. उजवीकडे कुडाळ. मध्ये राष्ट्रीय महामार्ग ६६ आणि कोकण रेल्वे उत्तर-दक्षिण जातात. हे दोन्ही ओलांडल्याची वेळ लिहून ठेवा. किनारा जवळ आल्याची याहून पक्की खूण नाही. समोर वेंगुर्ल्यापासून मालवणपर्यंतचा किनारा उघडतो. कर्ली नदी देवबागजवळ समुद्राला मिळते. मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला पाण्यात दिसू लागला आणि तुम्ही त्याच्या रोखाने चालला असाल, तर उत्तरेला भरकटला आहात.

दक्षिणेला मोपा आहे, तुमच्या ट्रॅकपासून १३ मैलांच्या आसपास, आणि त्यापलीकडे नौदलाचं दाबोळी. ही हवा मोकळी नाही. जाताना ढग टाळायला डावीकडे वळण्याचा मोह होतो, तो आवरा. वळायचंच असेल तर आधी विचारा.

रेडिओबद्दल एक गोष्ट. व्हीएचएफ सरळ रेषेत जातं, डोंगराआड जात नाही. कडा ओलांडून खाली उतरू लागलात की बेळगावचा आवाज तुटतो. उंचीवर असतानाच, कड्याच्या अलीकडे, पुढच्या फ्रिक्वेन्सीवर बदली मागून घ्या आणि नवा स्थानिक क्यूएनएच (अल्टिमीटरवर लावायचा हवेचा दाब) लावा. खाली उतरल्यावर हाका मारत बसण्यात अर्थ नाही.

कड्यावरचा वारा

हिवाळ्यात सकाळी वारा बहुधा पूर्वेचा. तो पठारावरून सपाट येतो आणि कड्यावरून कोकणात कोसळतो. जाताना तुम्ही त्याच्याबरोबर असता, त्यामुळे कडा ओलांडताच विमान खाली ओढलं जातं आणि हादरे बसतात. उंची भरपूर असल्याने हे धोक्याचं नाही, फक्त वेग ९५-९९ नॉटच्या आत ठेवा आणि उंची धरून ठेवण्यासाठी विमानाशी झटापट करू नका. परतताना मात्र हाच वारा समोरून आणि वरून खाली येतो, त्याबद्दल पुढे. माथ्यावर वारा २५ नॉटच्या वर असल्याचा अंदाज असेल तर लहान विमानाने हा दिवस सोडून द्यावा.

उतरण

६,५०० वरून १,२०० वर यायचं म्हणजे ५,३०० फूट. मिनिटाला ५०० फुटांनी साडेदहा मिनिटं, १०० नॉटला १८ मैल. सावंतवाडी डावीकडे आडवी आली की तिथून चिपी १७ मैल, म्हणून तिच्या थोडं आधीच उतरायला सुरुवात करा. उशीर झाला तर रनवेवर येऊन गोल फिरत उंची घालवावी लागते किंवा नाक खाली दाबून १३० नॉटने सर्किटमध्ये शिरावं लागतं. दोन्ही वाईट.

उतरताना मिक्श्चर. सांबऱ्याच्या पायलटची ठरलेली चूक इथेच होते. ६,५०० फुटांवर मिक्श्चर ओढलेलं, म्हणजे इंधन कमी केलेलं असतं. पठारावर परतताना चार हजार फूटच उतरायचे असतात आणि थोडं कमी-जास्त खपून जातं. इथे तुम्ही जवळजवळ समुद्रपातळीपर्यंत येता. दर हजार फुटांना मिक्श्चरचा लाल नॉब थोडा पुढे ढकला आणि डाउनविंडला (सर्किटमधला रनवेला समांतर टप्पा) पूर्ण पुढे. विसरलात तर सर्व काही ठीक चालल्यासारखंच वाटतं, कारण फायनलला (रनवेच्या रेषेतला शेवटचा टप्पा) इंजिन मंद असतं. चूक उघडी पडते गो-अराउंडला, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाताना: थ्रॉटल पूर्ण उघडलं की इंजिन गुदमरतं, धक्के देतं, आणि विमान ३०० फुटांवर असतं.

खारा वारा, मतलई वारा

चिपीचा रनवे ०९/२७, म्हणजे जवळजवळ नेमका पूर्व-पश्चिम: ०९ वर उतरताना तोंड पूर्वेकडे, २७ वर पश्चिमेकडे. किनाऱ्याचे दोन वारेही त्याच रेषेत वाहतात, ही मोठी सोय. रात्रभर थंड झालेल्या जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा सकाळी मंद असतो, चार-पाच नॉट, पूर्वेचा. जमीन तापली की साधारण अकरा-बाराच्या सुमारास वारा उलटतो आणि समुद्रावरून खारा वारा सुरू होतो. दुपारी तो १० ते १५ नॉटपर्यंत चढतो. फेब्रुवारीपासून मेपर्यंत तो बराचसा वायव्येचा असतो, म्हणजे २७ वर उजवीकडून ३०-४० अंशांनी. १५ नॉटचा वारा ३० अंशांनी आला तर आडवा भाग साडेसात नॉट, ४० अंशांनी आला तर साडेनऊच्या पुढे. १७२ एसच्या हँडबुकात दाखवून दिलेली आडव्या वाऱ्याची मर्यादा १५ नॉट आहे. तुमच्या स्वतःच्या सरावाची मर्यादा त्याहून कमी असेल तर तीच खरी.

तुम्ही पूर्वेकडून येता, समोर २७ दिसतो, सरळ आत शिरावंसं वाटतं. सकाळी आठ वाजता हाच मोह महागात पडतो, कारण मागून पाच नॉटचा मतलई वारा असतो. जमिनीवरचा वेग वाढतो, विमान तरंगत राहतं. पाच नॉट काही मोठे नाहीत आणि २,५०० मीटर रनवे पुरेसा आहे, पण त्यात मिक्श्चर, उंचीचा अंदाज आणि नवीन ठिकाण मिळून चुका साचतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने वरून एक फेरी मारून विंडसॉक बघावा आणि पूर्ण सर्किट मागावं.

समुद्रही वारा सांगतो. पाण्यावर तुरळक पांढरे फेस दिसू लागले की वारा दहा नॉटच्या आसपास पोहोचला. सगळीकडे फेसच फेस असेल तर पंधराकडे. किनाऱ्याच्या आत सपाट तुळतुळीत पाणी आणि बाहेर गडद, खरबरीत पट्टा दिसला तर खारा वारा अजून समुद्रावर आहे आणि थोड्याच वेळात आत येणार आहे. तुम्ही ०९ च्या फायनलला असतानाच तो आला तर समोरचा वारा क्षणात मागचा होतो, वेग घटतो, विमान खाली बसतं. असं झालं तर रेटून उतरवू नका, गो-अराउंड घ्या. टॉवर पाच मिनिटांत दुसरा रनवे देईल.

फायनल

चिपी सड्यावर आहे, जांभ्या दगडाच्या सपाट माथ्यावर. समुद्रसपाटीपासून उंची साधारण दोनशे फूट, नेमका आकडा चार्टवरून घ्या. सड्याची कड आणि रनवेचं टोक यांत अंतर थोडं असलं की दोन गोष्टी घडतात. पहिली डोळ्याची: फायनलला खाली दरी आणि झाडी असते, म्हणून आपण फार उंचावर आहोत असं वाटतं, माणूस पॉवर काढतो आणि मग सडा वर येतो तेव्हा कळतं की आपण खाली आलो. दुसरी हवेची: दुपारचा पश्चिमेचा वारा सड्यावरून सरकत येतो आणि पूर्वेच्या कडेवरून खाली वाहतो. २७ च्या फायनलला, टोकाच्या जरा आधी, विमान एकदम बसतं.

दोन्हींवर उपाय एकच. उतरण्याची खूण टोकावर न ठेवता ३०० मीटर आत ठेवा. रनवे २,५०० मीटर असताना टोकाला चाक टेकवण्याची गरजच नाही. वेग पूर्ण फ्लॅपला (पंखांमागच्या पट्ट्या पूर्ण खाली) ६५ नॉट, आणि झोत असतील तर वारा आणि झोत यांतल्या फरकाच्या निम्मा वेग अधिक. वारा १० नॉट आणि झोत १८ नॉटपर्यंत असेल तर ४ नॉट वाढवून ६९. त्याहून जास्त नको: वेग दहा टक्क्यांनी वाढला की लागणारं अंतर वीस टक्क्यांनी वाढतं. पॉवर टोक ओलांडेपर्यंत पूर्ण काढू नका.

आणखी एक फरक हाताला जाणवेल. सांबऱ्याच्या तापलेल्या हवेत ६५ नॉट दाखवणारं विमान खरं म्हणजे ७० च्या वेगाने जात असतं, चिपीच्या दाट हवेत ६७ च्या. शिवाय तेवढ्याच आरपीएमला प्रॉपेलर जास्त ओढ देतो. सांबऱ्याची पॉवर सेटिंग तशीच ठेवली तर विमान ग्लाइडच्या वर राहतं. आधी थोडी पॉवर कमी करा, मग नाकाकडे बघा. गो-अराउंडला याच्या उलट: विमान पठारापेक्षा जोरात उसळतं, नाक झटकन वर येतं. यॉकवर (विमानाच्या हँडलवर) हात घट्ट ठेवा, फ्लॅप टप्प्याटप्प्याने काढा.

०९ वर उतरायचं असेल तर बेस लेग (फायनलआधीचा आडवा टप्पा) किनाऱ्यावर किंवा पाण्यावर येतो. पाण्याला मोजमाप नसतं. झाड नाही, घर नाही, रस्ता नाही. त्यात हिवाळ्याची धुरकट हवा असली की आकाश आणि समुद्र एकच राखाडी रंगाचे होतात आणि क्षितिज हरवतं. अशा वेळी वळताना डोळा बाहेर कमी, अ‍ॅटिट्यूड इंडिकेटर आणि अल्टिमीटरवर जास्त. बेसला १,००० फूट, फायनलला वळून झाल्यावर ७००, हे आकडे आधीच गुडघ्यावरच्या कागदावर लिहून ठेवा. सर्किट फार लांब नेऊ नका. हजार फुटांवरून तुम्ही दीड मैलच तरंगू शकता, तेवढ्या अंतरात किनारा असायलाच हवा. त्यापलीकडे जावं लागणार असेल तर लाइफ जॅकेट अंगावर हवं, सीटच्या मागे ठेवलेलं उपयोगी पडत नाही. घातलेलं जॅकेट विमानाबाहेर पडल्यावरच फुगवायचं, आत फुगवलं तर बुडत्या केबिनच्या छताला अडकून राहाल.

संध्याकाळी २७ वर सूर्य थेट तोंडावर येतो. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास तो बरोबर २७० अंशांवर मावळतो, म्हणजे रनवेच्या मधल्या पट्ट्याच्या शेवटी. डिसेंबरात पंचवीसेक अंश डावीकडे सरकतो, तरी विंडशील्डवर धूळ-मीठ असेल तर समोरचं सगळं पांढरं होतं. काच आतून-बाहेरून पुसलेली असावी आणि सूर्यास्ताआधीचा शेवटचा तास तरी टाळावा. व्हीएफआरला सूर्यास्तानंतर परवानगी नाही, हे वेगळं सांगायला नको.

पक्षी. किनाऱ्यावर मासळी वाळत घालतात तिथे घारी जमतात, आणि वारा सुटला की याच घारी सड्याच्या कडेवर पंख न हलवता तरंगत राहतात, नेमक्या तुमच्या फायनलच्या उंचीवर. लँडिंग लाइट लवकर लावा. पक्षी समोर आला तर बहुधा तो खाली सूर मारतो, म्हणून तुम्ही वरच्या बाजूने जा.

परतीचा निर्णय

विमान थांबवल्यावर पहिलं काम घाटाकडे बघणं. चिपीहून पूर्वेला स्वच्छ दिवशी कड्याची रेघ दिसते. ती रेघ दिसत असेल आणि तिच्यावर आकाशाची पट्टी असेल तर वाट मोकळी आहे. कड्याच्या वरच्या कडेला कापसासारखी किनार दिसू लागली असेल तर खारा वारा ओलावा वर ढकलू लागला आहे आणि तासा-दोन तासांत माथा झाकला जाईल. निघण्याची वेळ घरूनच ठरवून या, उदाहरणार्थ साडेदहा, आणि ती चहासाठी पुढे ढकलू नका.

पूर्वेच्या ट्रॅकला विषम हजार अधिक ५००: ५,५०० किंवा ७,५००. चिपीहून कडा २७ मैल. मिनिटाला ५०० फुटांनी चढलात तर ५,५०० गाठायला साडेदहा मिनिटं आणि सुमारे १४ मैल लागतात, म्हणजे सावंतवाडी येण्याच्या आत. ७,५०० साठी वरच्या हवेत चढाई मंदावते, सरासरी ४०० धरा: १८ मिनिटं, २४ मैल, कडा अगदी समोर. म्हणून ७,५०० घ्यायचे असतील तर किनाऱ्यावरच एक मोठा वळसा घेऊन चढा. ३,००० फुटांनंतर मिक्श्चर थोडं ओढा.

पूर्वेचा वारा असेल तर कड्याच्या अलीकडे खाली वाहणारी हवा तुमची वाट बघत असते. पूर्ण पॉवरला, चढाईच्या वेगाला, तरीही उंची कमी होताना दिसते. तेव्हा नाक वर ओढून काही मिळत नाही, फक्त वेग जातो. माथ्यावर किमान २,००० फूट उंची असल्याशिवाय कड्याकडे जाऊ नका, आणि जाताना सरळ काटकोनात न जाता ४५ अंशांनी तिरपं जा, म्हणजे मागे वळायला अर्धंच वळण लागतं.

ढग कड्याला टेकलेले असतील तर खालून दरीत शिरून पलीकडे उजेड आहे का बघायला जाणं, या रस्त्यावर याहून मोठी चूक नाही. ९० नॉटला ३० अंश झुकून पूर्ण वळायला साडेसातशे मीटरहून जास्त रुंदी लागते, १२० नॉटला साडेतेराशे. घाटाच्या दऱ्या आत जाता जाता अरुंद होतात आणि तळ तुमच्या चढाईपेक्षा वेगाने वर येतो. ढगांपासून आडवं १,५०० मीटर, उभं १,००० फूट आणि ५ किलोमीटर दृष्टी, हे नियमातले आकडे इथे कागदावरचे नाहीत. ते पूर्ण होत नसतील तर चिपीला परत फिरा. तिथे टॉवर बंद झाला असेल तर २५ मैलांवर मोपा आहे: परिस्थिती स्पष्ट सांगून परवानगी मागा, आणीबाणी असेल तर तसं जाहीर करा. रात्र कोकणात काढावी लागली तर काढा.

सांबऱ्याला पोहोचल्यावर

आकडे पुन्हा उलटे फिरवा. सर्किट ३,५००, रनवे ०८ किंवा २६, दुपारी हवा पातळ, मिक्श्चर उन्हाळ्यात किंचित ओढलेलं. किनाऱ्यावर एक दिवस उडून आलेला पायलट इथे जमिनीच्या जवळ येतो, कारण १,२०० चा आकडा अजून डोक्यात असतो.

विमान हँगरमध्ये लोटण्याआधी गोड्या पाण्याने धुवा. दाबाच्या फवाऱ्याने नव्हे, साध्या नळीने. बिजागऱ्या, कंट्रोल केबलच्या पुली, फ्लॅपचे रूळ, चाकांच्या आतल्या बाजू, एक्झॉस्टच्या मागचा पत्रा, या ठिकाणी मीठ बसतं आणि अ‍ॅल्युमिनियम आतून पोखरतं. रात्रभर चिपीला ठेवलं असेल तर टाक्या भरलेल्या ठेवायला हव्या होत्या, रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी होतं. सकाळी प्रत्येक ड्रेनमधून नमुना काढून पांढऱ्या भिंतीसमोर धरून बघा, तळाशी बुडबुडा दिसला तर स्वच्छ येईपर्यंत काढत राहा. धुताना पिटोट ट्यूब आणि स्टॅटिक पोर्टवर (वेग आणि उंची मोजायला हवा घेणारी छिद्रं) भडक लाल टेप लावा आणि तशी नोंद विमानाच्या चावीला बांधलेल्या चिठ्ठीवर करा, म्हणजे पुढचा पायलट टेप काढल्याशिवाय चावी फिरवणार नाही.